पत्रिका जुळली, पण मांडी भाजते

मे महिन्यात पुण्याच्या सिग्नलला एखादा हार्लेवाला उजवा गुडघा बाहेर फेकून उभा दिसला, तर ती ऐट समजू नये. जुन्या फॅट बॉयसारख्या गाडीचा मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो, त्याला वारा कमी लागतो, आणि तो असतो थेट मांडीखाली. 1584 सीसीचं इंजिन, तेही वाऱ्यावर थंड होणारं. विद्यापीठ चौकात संध्याकाळी सात वाजता वारा आणायचा कुठून?

आमच्या एका स्नेह्यांनी यावर उपाय काढला. म्हणाले, "कॅम बदलतोय."

"त्यापेक्षा रिक्षाने जा," वहिनी आतून म्हणाल्या.

कॅमशाफ्ट म्हणजे अंगावर उंचवटे असलेला दांडा. क्रँकच्या निम्म्या वेगाने तो फिरतो, आणि कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा, कधी मिटायचा हे त्या उंचवट्यांवर ठरतं. 1999 च्या मॉडेलांपासून हार्लेच्या मोठ्या इंजिनात असे दोन दांडे आले, म्हणून त्याचं नाव ट्विन कॅम. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक कॅमचं एक कार्ड असतं आणि त्यावर सगळा हिशेब अंशांत. इनटेक किती अंश आधी उघडतो, एक्झॉस्ट किती अंश उशिरा मिटतो, दोन्ही एकदम उघडे किती वेळ राहतात. अंश म्हटल्यावर आमच्या स्नेह्यांमधला पंचांगवाला जागा झाला. अँड्र्यूज आणि एस अँड एस या कॅम बनवणाऱ्या दोन घराण्यांतल्या पत्रिका टेबलावर पसरल्या. स्थळं सगळी अमेरिकेतली, त्यामुळे नाकारताना जीव तुटायचा.

शास्त्रात काही तथ्य नाही असं नाही. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनटेक थोडा वेळ उघडाच असतो. तो लवकर मिटला तर आत जास्त मिश्रण कोंडलं जातं, खालच्या आरपीएमला ओढ वाढते, आणि तेवढ्याच वेगाला थ्रॉटल कमी लागतो. उशिरा मिटणारा कॅम वरच्या आरपीएमला खुलतो, गावातल्या रहदारीत मात्र रडतो. म्हणजे उष्णतेसाठी सौम्य, कमी अंशांचा, साधा कॅम घ्यावा. पण साधं स्थळ कुणाला हवं असतं? स्नेह्यांची नजर पुन्हा पुन्हा सगळ्यात जास्त लिफ्टवाल्या, म्हणजे व्हॉल्व्ह सगळ्यात उंच उचलणाऱ्या कॅमकडेच जायची. शिवाय लवकर मिटणाऱ्यातही मेख आहेच. कोंडलेलं मिश्रण जास्त दाबलं जातं, आणि रणरणत्या दुपारी साध्या पेट्रोलवर इंजिन खडखडायला लागतं.

शेवटी नाना पेठेतल्या एका फिटरचं मत घेतलं. हयात बुलेट उघडण्यात गेलेला माणूस. त्याने ग्रीसच्या बोटांनी कार्ड कोपऱ्याला धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काका, गाडी जास्त करून किती आरपीएमला असते?"

"सिग्नलला उभी असते."

"मग कुठलाही टाका."

स्नेह्यांना हा माणूस अडाणी वाटला. मला तरी त्या सबंध प्रकरणात तोच एक शहाणा दिसला.

स्थळ ठरलं. मग मानपान सुरू झाला. नवे बेअरिंग, नवे लिफ्टर, गॅस्केटचा संच, लांबी कमीजास्त करता येणारे पुशरॉड. वर कस्टम ड्यूटीचा आहेर. सगळं बसल्यावर ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग करावं लागतं, आणि खरी गंमत इथे आहे. प्रदूषणाच्या नियमांमुळे कंपनीतून गाडी निघते तेव्हा बराच वेळ तिचं मिश्रण एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा याच्या आसपास राखलेलं असतं. ट्यूनिंगवाला पेट्रोल थोडं वाढवतो, त्याने इंजिन निवतं. श्रेय जातं कॅमला. संसार सुरळीत चालला की पत्रिका जुळल्याचं सांगतात, सासूबाई बदलापूरला धाकट्याकडे राहायला गेल्या हे कुणी सांगत नाही, त्यातलंच हे.

स्नेह्यांची मांडी आता बरीच सुखात आहे, निदान गाडी चालू असताना. उभी राहिली की पूर्वीचंच. मी त्यांना सांगितलं की 2017 च्या टूरिंग मॉडेलांपासून खुद्द हार्लेनेच नव्या मिल्वॉकी-एट इंजिनात दोनाचा एक कॅम केला, आणि डोकी थंड ठेवायला एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती तेल किंवा कूलंट खेळवलं. म्हणजे उष्णतेवर इलाज कॅमखेरीजही असतो.

त्यांनी ते फार गांभीर्याने ऐकलं. चष्मा पुसला. म्हणाले, "एकच आहे म्हणजे खर्च निम्मा. त्याला कुठला बसतो?"