राहुकाळी गळ कसा टाकावा

कुंभकोणमच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् आहे. माणसं तिथे दोन कारणांनी जातात. एक, नागनाथस्वामींच्या देवळात राहूला दुधाचा अभिषेक करायला. दोन, शेजारच्या ओप्पिलिअप्पन पेरुमाळांचा बिनमिठाचा प्रसाद घ्यायला. गळ घेऊन जाणाऱ्यांसाठी मात्र कुणी दोन ओळी लिहून ठेवलेल्या नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रपंच. लेखकाचा अनुभव: तीन मुक्काम. मिळालेले मासे: एक.

पायरी पहिली: घरची परवानगी

मावशीचं सासर कुंभकोणमचं. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यानंतर मराठी कुटुंबं या मुलखात येऊन राहिली, त्यांतलं हे एक देशस्थ घर. शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. घरात मराठी बोलतात, सांबार आपलंच असं ठणकावून सांगतात आणि चातुर्मासात कांदासुद्धा दाराबाहेर चपला काढून थांबतो. अशा घरात ‘मासे धरायला जातो’ हे वाक्य उच्चारू नये. ‘तळ्यावर वारा छान असतो’ एवढंच म्हणावं. गळाची काठी जुन्या धोतरात गुंडाळून छत्र्यांच्या कोपऱ्यात उभी करावी.

पकडले गेल्यास शास्त्राधार देण्याचा मोह होतो. मलाही झाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ‘मत्स्यविनोद’ असं अख्खं प्रकरण आहे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावं, काठी कशी असावी, दोरी कशी असावी, सगळं आहे, असं मी मावशीला ऐकवलं. ती म्हणाली, “तो राजा होता. त्याची भांडी दुसरं कुणी घासत होतं.” पुढची पायरी.

पायरी दुसरी: पाणी

नवशिके आधी आमिषाची चौकशी करतात. आधी पाण्याची करावी. इथली ‘कुट्टै’, म्हणजे लहान तळी, कमरेएवढी खोल. मे महिन्यात त्यांच्या तळाला भेगा पडतात. आभाळाचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. त्याआधीचं पाणी कावेरीने आणायचं. ते मेट्टूर धरणातून सुटतं, तीनेक दिवसांत कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी पोचतं, तिथून कावेरीत, अरसलारमध्ये, मग कालव्यात, पाटात आणि सगळ्यांचं भागलंच तर आपल्या तळ्यात. धरण भरलं की पातळी १२० फूट आणि साठा ९३.४७ टीएमसी. हे दोन आकडे तुमच्या जन्मतारखेखाली लिहून ठेवा.

पाणी सोडायचा रिवाजाचा दिवस १२ जून. रिवाजावर विसंबू नये. २०२२ साली मी १२ जून धरून गेलो, तर पाणी २४ मेलाच सोडलेलं. तळं काठोकाठ, पाट धावतोय आणि माझा गळ दर मिनिटाला वाहून समोरच्या भातात. २०२४ साली शहाणा होऊन आधी गेलो, तर तळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. काठावर एक म्हातारबुवा बसले होते. त्यांनी माझ्या काठीकडे पाहिलं आणि कनवाळूपणे म्हणाले, “तंबी, तण्णि वरलै.” पाणी आलं नाही. त्या साली ते सुटलं २८ जुलैला. तोवर मी पुण्यात हापिसात होतो.

म्हातारबुवा असंही म्हणाले, की यंदा ‘कुरुवै’चं काही खरं नाही. मी वहीत नोंद केली: ‘कुरवै, दुर्मिळ झालेला मासा.’ कुरवै नावाचा मासा आहेच. पण बुवा बोलत होते ते जूनमध्ये पेरायच्या कुरुवै भाताबद्दल. त्यांच्या डोळ्यांत पाणी का आलं, ते मला वही बंद केल्यावर कळलं.

पायरी तिसरी: मासा ओळखणे

‘विराल’ म्हणजे आपला मरळ. हवा घेऊन जगतो, त्यामुळे चिखलातही तग धरतो. पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसला, की खाली आईबाप पहाऱ्यावर आहेत असं समजावं आणि गळ गुंडाळावा. एवढा सांभाळ करणाऱ्याला धरणं बरं नव्हे.

‘केळुत्ती’ला मिशा असतात आणि काटेही असतात. मिशा पाहाव्यात, काटे टाळावेत.

‘जिलेबी केंडै’ म्हणजे चिलापी. तो १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणला गेला आणि आता कुठल्याही तळ्यात भेटतो. बाजारात हे नाव ऐकून मी पाकाची चौकशी केली होती. तुम्ही करू नका.

सगळ्यात मानाचा ‘पनैयेरी केंडै’, म्हणजे ताडावर चढणारा मासा. इथून पूर्वेला समुद्रकाठी तरंगंबाडी आहे. तिथे डॅनिश कंपनीची वखार होती. तिच्या चाकरीतल्या डाल्डोर्फ नावाच्या लेफ्टनंटने हा मासा तळ्याकाठच्या ताडावर, पाण्यापासून पाच फूट उंचीवर चढताना पकडल्याचं लिहिलं, आणि १७९७ साली ते लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे गेलं. हा मासा हवा घेतो आणि कल्ल्यांची झाकणं रोवून जमिनीवर सरपटतो, हे शास्त्रज्ञांना मान्य आहे. ताडाबद्दल ते खाकरतात. तरीही मासेमाराने केलेला दावा विद्वानांनी टिपून घेतला, ही आपल्या धंद्यासाठी उमेदीची गोष्ट आहे.

पायरी चौथी: मुहूर्त

बाकी जगात राहुकाळात कुणी नवं काम काढत नाही. तिरुनागेश्वरमला तीच वेळ गर्दीची, कारण राहूचा अभिषेक तेव्हा असतो आणि मूर्तीवरून ओघळणारं दूध निळं दिसतं म्हणून लोक माना उंचावून बघतात. म्हणजे त्या दीड तासात सल्ले देणारी सगळी मंडळी देवळात. सोमवारी साडेसात ते नऊची वेळ बरी. बुधवारी बारा ते दीड निव्वळ ऊन. रविवारी साडेचार ते सहा उत्तम: ऊन उतरलेलं, मासा भुकेला, काठ मोकळा.

पायरी पाचवी: जागा

देवळाच्या पुष्करिणीत गळ टाकायचा नाही. तिथल्या माशांना लोक चुरमुरे घालतात. ते देवाचे पाहुणे. गावतळ्यातल्या मासळीचा लिलाव झालेला असतो. ठेक्याला इथे ‘कुत्तगै’ म्हणतात. ठेकेदाराला विचारूनच बसावं. माझी काठी पाहून त्याने लगेच परवानगी दिली. पैसेही मागितले नाहीत.

पायरी सहावी: प्रत्यक्ष कृती

३ ऑगस्ट २०२५, रविवार, तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस. कावेरीला पाणी आलं म्हणून तिची पूजा करायचा हा दिवस. मावशी चित्रान्नाचे डबे घेऊन घाटावर गेलेली, उरलेलं गाव राहूपाशी. मी गळाला गांडूळ लावलं, दोरीवर भेंडाचा तुकडा बांधला आणि बसलो. भेंड पाण्यावर उभं राहिलं. त्यावर एक चतुर बसला, उडाला, पुन्हा बसला. पाच वाजून गेले. मग भेंड एकदा थरथरलं, आडवं झालं आणि चतुरासकट दिसेनासं झालं.

वर आला तो तळहाताएवढा, हिरवट काळा, खरखरीत खवल्यांचा पनैयेरी. मी त्याला टोपलीत ठेवलं आणि छायाचित्रासाठी चष्मा पुसायला लागलो. चष्मा घातला तेव्हा टोपली कलंडलेली होती आणि मासा गवतातून चालला होता. एक झाकण रोवायचं, शेपटीचा रेटा द्यायचा, वीतभर पुढे; दुसरं झाकण, पुन्हा रेटा. वाटेत एक नारळाचं झाड होतं. त्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ पाण्याकडे गेला. मी त्याला आडवं जायला हवं होतं. पण ज्या पाण्याची मी तीन मुक्काम वाट पाहिली, त्याची ओढ त्यालाही होती, हे दिसत होतं.

घरी आल्यावर मावशीने विचारलं, “वारा कसा होता?” छान होता, म्हटलं.

तुम्ही जाणार असाल, तर आधी मेट्टूरची पातळी बघा. काठी विकत घेऊ नका. माझी तिथेच आहे, छत्र्यांच्या कोपऱ्यात, धोतरात गुंडाळलेली.