जामातासह जलाशय-पर्यटन : नियम आणि पोटनियम

कन्या आणि जामात हॉलंडात स्थायिक झाल्यामुळे ज्या सेवानिवृत्त गृहस्थांवर त्या देशात उन्हाळ्याचा मुक्काम करण्याचा प्रसंग येतो, त्यांच्या मार्गदर्शनासाठी प्रस्तुत नियमावली सिद्ध केली आहे. अशा गृहस्थांची समजूत अशी असते की, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी वामकुक्षी आणि सायंकाळी कालव्याकाठी फेरफटका, एवढ्यावर व्हिसाची मुदत सुखाने संपेल. ही समजूत पहिल्याच शनिवारी रात्री बरखास्त होते. जावईबापू मोबाइलवर नकाशा उघडून शेजारी येऊन बसतात आणि म्हणतात, "बाबा, उद्या तळी बघायला जाऊ. रस्ता अगदी सपाट आहे, त्रास म्हणून काही नाही." या विधानाचा पूर्वार्ध सत्य आहे. उत्तरार्धाचा विचार यथास्थळी केला आहे.

आरंभीच एक मुद्दा जावईबापूंच्या निदर्शनास आणून द्यावा, तो असा की, एक तळे आपले पाहून झालेले आहे. शिफोल विमानतळ ज्या जमिनीवर उभा आहे, ती हार्लेमरमेर नावाच्या अफाट सरोवराचा तळ असून, १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या इंजिनांची तीन उपसाकेंद्रे चालवून ते कोरडे करण्यात आले. विमान उतरते ते समुद्रसपाटीच्या सुमारे ४ मीटर खाली. तात्पर्य, आपण आकाशातून थेट सरोवराच्या तळाशी उतरलो, सामानही तिथेच ताब्यात मिळाले, आणि अंगाला पाणी लागले नाही. हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्याचा उपयोग मात्र होत नाही, कारण जावईबापू तेवढ्यात सायकलींत हवा भरायला गेलेले असतात.

सायकलीविषयी पुण्याच्या माणसाला कोणी शिकवू नये, असे माझे मत होते व आहे. तथापि तिकडच्या पुष्कळ सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो. पेडल उलटे दाबले की मागचे चाक आवळले जाते. आता, ज्या पिढीने उमेदीची वर्षे लक्ष्मी रस्त्यावर सायकल हाणण्यात घालवली, तिची एक सवय अशी की, जरा गती आली आणि मनात काही विचार आला की पाय आपोआप पेडल मागे फिरवू लागतात व फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज ऐकत माणूस चिंतनात गढतो. हॉलंडात चिंतन सुरू होताक्षणी सायकल जागच्या जागी थांबते आणि पाठीमागून तीव्र स्वरात घंटा ऐकू येते. सबब चिंतन खाली उतरूनच करावे. आणखी एक बारकावा कोणीच सांगत नाही, तो हा : थांबताना उजवे पेडल वर राहील अशा बेताने थांबावे, कारण मागाहून ते उलटे फिरवून वर आणता येत नाही, आणि मग चौकात हिरवा दिवा लागल्यावर एका पायावर उड्या मारीत निघावे लागते. रस्त्याची उजवी बाजू धरावी. जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोके आपल्याकडे रोखलेली असतील तर समोरच्याला वाट द्यावी, मग समोरचा वयाने कितीही लहान असो.

वारा. त्या देशात डोंगर नाही. डोंगराचे काम वारा करतो. डोंगराला निदान माथा असतो आणि पलीकडे उतार असतो. वाऱ्याला यांपैकी काहीही नसून, बांधावरच्या सरळ रस्त्यावर, जिथे आडोशाला झाड नाही, घर नाही, केवळ मेंढ्या आपल्याकडे कुतूहलाने पाहत आहेत, तिथे तो तासभर एकाच जोराने छातीवर येत राहतो. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून शहाण्याने जाताना वाऱ्याच्या तोंडी जावे, म्हणजे परतताना दमलेल्या पायांना पाठबळ मिळते. जावईबापूंचा नियम निराळा आहे. ते प्रथम कॉफीचे ठिकाण निश्चित करतात आणि दिशा त्यावरून ठरवतात. परिणामी जाताना आपण तरुणासारखे उडत जातो, स्वतःच्या प्रकृतीविषयी नसत्या कल्पना करून घेतो, आणि त्यांची किंमत परतीच्या वाटेवर सव्याज भरतो. याविषयी मी त्यांना अनेकवार समज दिली आहे. एवढे मात्र दप्तरी नोंदवले पाहिजे की, परतताना ते काही न बोलता पुढे होतात, नातीला बसवलेले लाकडी खोके जोडलेली ती अजस्र सायकल माझ्या पुढ्यात आणतात, आणि माझी गती पडली की आपलीही पाडून वारा अंगावर घेत राहतात. विचारले तर म्हणतात, पुढचा रस्ता बघत होतो.

मार्ग शोधण्यासाठी तिकडे क्रमांकित नाक्यांची व्यवस्था आहे. प्रत्येक नाक्यावर पाटी, पाटीवर आकडा, आणि पुढच्या नाक्याकडे बाण. निघण्यापूर्वी आकड्यांची मालिका चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवली की नकाशाची गरज उरत नाही. व्यवस्था अतिशय सुरेख आहे, पण तीत दोन खोचा आहेत. आकडे दोन अंकांच्या आतच असल्याने तेच ते पुन्हा दुसऱ्या प्रांतातही भेटतात. आणि पायी चालणाऱ्यांचे नाके वेगळे, सायकलवाल्यांचे वेगळे. ही देखरेख नातीकडे सोपवावी. तिला आकडे ओरडण्याची हौस असते.

आता प्रत्यक्ष तळी. आम्स्टेलव्हेनच्या दक्षिणेस व्हिंकेव्हेनची तळी आहेत, आणि काठावर उभे राहून "काय ही निसर्गाची किमया!" असे उद्गार काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. ही तळी सरपणासाठी खणलेली आहेत. दलदलीत शतकानुशतके साचलेला वनस्पतींचा काळा चिखल लोकांनी लांब दांड्याच्या जाळ्यांनी पाण्याखालून उपसला, मध्ये राखलेल्या अरुंद पट्ट्यांवर पसरून वाळवला, त्याच्या विटा कापल्या आणि होड्यांत भरून शहरांच्या चुलींकडे धाडल्या. पुढे वाऱ्याच्या लाटांनी पुष्कळ पट्ट्या खाल्ल्या आणि चरांचे तलाव झाले. ज्या पट्ट्या टिकल्या त्या अजून पाण्यात लांबच लांब ओळींनी दिसतात. जमीन जाळून लोकांनी तळी केली आणि तळी उपसून जमीन केली, आणि दोन्ही उद्योग शेजारी शेजारी चालू होते, हे पाहून कालव्यावर हयात घालवलेल्या माणसाची छाती दडपते.

तशा माणसासाठी एक खास कलम घालतो. प्रत्येक उपसाकेंद्रापाशी, प्रत्येक लहानमोठ्या दाराशी पाण्यात एक मोजपट्टी उभी असते, आणि आम्स्टरडॅमच्या प्रमाण पातळीपासून पाणी किती खाली आहे हे तीवर वाचता येते. पाण्याचा कारभार पाहणारी २१ जलमंडळे तिथे आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, त्यांची पट्टी लोक भरतात, आणि राइनलंडच्या मंडळाकडे तर १२५५ सालची सनद आहे, म्हणजे देवगिरीवर यादव नांदत होते तेव्हाची. अशा दरबारात मोजपट्टीपुढे थांबल्यावाचून जाणे अशिष्टपणाचे होय. जावईबापू म्हणतात, "बाबा, ही पट्टी मघाच्या पट्टीसारखीच आहे." पाणी ठरल्या पातळीवर तसेच राहणे हेच त्या पट्टीमागच्या खात्याचे कर्तृत्व आहे, हे संगणकावर पोट भरणाऱ्यांना कळणे कठीण. थांबावे, वाचावे, वहीत टिपावे.

नार्डरमेर मात्र सायकल ठेवून पायी पाहावे. हे खरे जुने सरोवर. १७व्या व १९व्या शतकांत ते कोरडे करण्याचे प्रयत्न झाले, पण पाणी पुन्हा मालकीहक्काने परत आले. १९०४ साली आम्स्टरडॅम शहराने त्यात आपला कचरा ओतण्याचे योजले, तेव्हा याकोबुस थेइसे नावाच्या शाळामास्तराने गहजब केला, १९०५ मध्ये निसर्गरक्षणाची संस्था उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिने सरोवरच विकत घेतले. त्या देशातले हे पहिले राखीव निसर्गक्षेत्र. येथे चमचा, जांभळा बगळा आणि पाणकावळे नांदतात. वारकरी पक्षी तर पुण्याच्या पाणवठ्यांवर दिसतो तोच, तसाच काळा आणि कपाळी पांढरा टिळा लावलेला, आणि तो दिसताच आमच्या सौभाग्यवती हात जोडतात. पोटनियम असा की, सरोवराची प्रदक्षिणा घालूनही पाणी फारसे दिसत नाही. बोरू आणि झाडी दिसते. पाण्यासाठी निरीक्षणाच्या लाकडी खोपीत बसून फटीतून पाहावे लागते, आणि तिथे आधीच बसलेला दुर्बीणवाला मनुष्य आपल्या चिवड्याच्या पुडीच्या आवाजावर नाराजी व्यक्त करतो.

मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कुरणांतल्या कित्येक पायवाटा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी बंद असतात. फाटकावरची पाटी वाचावी. "कोण बघतंय" हे वचन तिथे चालत नाही, कोणीतरी बघत असतेच.

कुंपणावरून जाण्यास लाकडी पायऱ्या असतात. गुडघ्याला विचारून चढावे.

गवतात गोचीड असते. पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर अंग तपासावे. उन्हाळ्यात पाण्यावर निळसर हिरवी साय दिसली तर पाय बुडवू नयेत.

काही पायवाटा मध्येच पाण्याशी संपतात आणि तिथे नावाड्यावाचून चालणारा लहानसा तराफा असतो, जो साखळीचे चाक फिरवून आपणच ओढायचा. तो नेहमी पलीकडच्या काठी असतो. प्रथम तो रिकामा ओढून आणावा, मग स्वतःसह ओढावा. चाक प्रारंभी हलके लागते, जावईबापू "बाबा, इकडे बघा" म्हणून छायाचित्र घेतात, आणि पाण्याच्या मध्यावर त्या चाकाचे खरे वजन कळते. हे छायाचित्र रात्रीच नातेवाइकांच्या ग्रुपवर जाते व त्याखाली धाकट्या बंधूंचा शेरा येतो, त्याकडे दुर्लक्ष करावे.

शेवटी कॉफीचे ठिकाण. चहा मागू नये. गरम पाण्याचा पेला आणि बाजूला चहाची पुडी येते, दूध मागितले तर पोरगी चिंतातुर होते. सफरचंदाचा केक मात्र निःशंक मागवावा, वर साय घालून. बिल आले की सासऱ्याने जावयाला पैसे देऊ द्यायचे नाहीत ही आपली रीत, म्हणून पाकिटातून पन्नास युरोंची नोट झपाट्याने काढावी. तेथे केवळ कार्ड चालते असे कळते, आणि जावईबापू मोबाइल टेकवून मोकळे होतात. ती नोट घरी गेल्यावर नातीच्या दप्तरात सारावी. तिच्या आईला सांगू नये, ती परत आणून देते.