टरफलांसकट

१ ऑगस्ट म्हटलं की आमच्या पिढीला शाळेतलं भाषण आठवतं. टिळक पुण्यतिथी. दरवर्षी कुणीतरी एक मुलगा उभा राहायचा आणि आपण शेंगा खाल्ल्या नाहीत, म्हणून टरफलं उचलणार नाही, असं वर्गाला ठणकावून सांगायचा.

गाण्याच्या बाबतीत मात्र ही तारीख अमेरिकेची आहे. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ येऊन बसले, त्यांनी वाद्यं लावली, आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी आभार मानले आणि म्हणाले, जुळवाजुळवच एवढी आवडली असेल, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. बरोबर दहा वर्षांनी, १ ऑगस्ट १९८१ ला, तिकडे एमटीव्ही सुरू झाली. तिच्यावर पहिलं गाणं लागलं तेच मुळी व्हिडिओने रेडिओच्या ताऱ्याचा जीव घेतल्याचं. त्यानंतर पडद्यावर वाद्य लावताना सहसा कुणी दिसेना. शेंगा सोलून, खारवून, पाकिटात भरून यायला लागल्या. टरफलं बाहेरच्या बाहेर.

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना सगळं जग हसलं. मी त्यांच्या बाजूचा आहे. मिरजेत घडलेला तानपुरा, गवयाने त्याच्या भोपळ्यावर जवळजवळ गाल टेकलेला, घोडीवरचा जवारीचा दोरा नखाने केसभर पुढे-मागे सरकतोय. इतका वेळ नुसती टणटणणारी तार एका क्षणी अचानक बोलायला लागते. बघा, त्या क्षणी मलाही टाळी वाजवावीशी वाटते. आजूबाजूला पुणेकर बसलेले असतात म्हणून मी वाजवत नाही.

तेव्हा मला एक वाहिनी काढायची आहे. भांडवल नाही, पण दुपारी पडल्या पडल्या वाहिनी काढायला भांडवल लागत नाही. फक्त जिवंत गाणं, आणि तेही टरफलांसकट. प्रक्षेपण सुरू होईल ते सतरंज्या झटकण्यापासून. मग माईकवाला पोरगा येऊन ‘हॅलो, हॅलो, चेक, वन टू थ्री’ म्हणेल. (आजवर चारपर्यंत पोचलेला माईकवाला मी पाहिलेला नाही.) मग तबलजी हातोडी काढेल, पेटीवाला सूर देऊन छताकडे बघत बसेल. निवेदिकेला बोलायला दीड मिनिट. एवढी एकच कात्री मी ठेवणार आहे.

बाकी कात्री या धंद्यात जुनीच. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान तबकडीसाठी गायल्या, तेव्हा अख्खा राग जेमतेम तीन मिनिटांत बसवावा लागला, आणि त्यातही शेवटी स्वतःचं नाव सांगायला जागा ठेवावी लागली. रागांनी तेव्हापासून जे अंग चोरलं आहे, ते अजून पाय पसरून बसलेले नाहीत.

माझ्या वाहिनीवर वेळापत्रक रागांचं. पहाटे भैरव, भर दुपारी सारंग आणि मध्यरात्री दरबारी, मालकंस. या शेवटच्या दोघांची मला विशेष काळजी आहे. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. पुढे कित्येक वर्षं तो रात्रभर चालायचा, आणि माणसं शाली गुंडाळून पहाटेचा चहा शोधत घरी जायची. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहाला उघड्यावरचा कर्णा बंद, फार तर वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. नियम चांगलाच आहे. आमच्या आळीतली लग्नं ज्याने ऐकली आहेत तो त्याविरुद्ध बोलणार नाही. पण डीजेबरोबर मालकंसही भरडला गेला. आता त्याला साडेआठला मांडवात उभं करतात. घुबडाला चहाच्या वेळी बोलवावं, तसा तो येतो. घरच्या टीव्हीवर आवाज बारीक करून त्याला त्याची वेळ परत देता येईल.

अडचणी आहेत. जाहिराती कुठे घालायच्या? विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये साबण विकला तर पाप लागेल. त्यापेक्षा खोकल्याच्या गोळ्यांचा प्रायोजक धरावा. गायक आणि श्रोते, दोन्हीकडे गिऱ्हाईक. दुसरी अडचण, थेट प्रक्षेपण म्हणजे तरी कितपत थेट? क्रिकेटमध्ये शेजाऱ्यांची आरोळी आधी येते आणि आपल्याकडचा षटकार मागाहून. इथेही भिंतीपलीकडून ‘वाहवा’ आधी येईल आणि आपल्याकडची सम चार सेकंदांनी. शेजारी मोठा जाणकार आहे, असा गैरसमज मात्र पसरेल.

हा नाद मला लागला त्याला कारण आमची आत्या. तिच्या भजनी मंडळाचं एका वाहिनीने एकदा चित्रीकरण केलं. गाणं आदल्या दिवशीच मुद्रित केलेलं. दुसऱ्या दिवशी फक्त ओठ हलवायचे. पखवाजवाले नाना नेहमीप्रमाणे डब्यातून भिजवलेली कणीक घेऊन आले आणि डाव्या पुडीवर थापायला लागले. तिथला मुलगा म्हणाला, ‘‘काका, आवाज आधीच घेतलाय. नुसते हात हलवा.’’ नाना म्हणाले, ‘‘अरे, कणकेशिवाय हात पडत नाही.’’ आणि त्यांनी थापलीच. उरलेल्या गोळ्याकडे रंगभूषेवाली बाई बराच वेळ संशयाने बघत होती.

दुसऱ्या चरणाला आत्याला ठसका लागला. कॅमेरा नेमका तिच्यावर. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, तसंच लागलं. पडद्यावर आत्या पदर तोंडाशी धरून खोकतेय आणि तिचाच आवाज मागे अभंगात तल्लीन. प्रक्षेपण झालं त्या रात्री ती जेवली नाही. ‘‘लोक म्हणतील, ही गातच नव्हती,’’ एवढंच म्हणाली.

आत्याला जाऊन चार वर्षं झाली. दिवाळीला घरची माणसं जमली की कुणीतरी ती सीडी लावतंच. अभंग सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे आधी फराळ आणि गप्पा चालू असतात. दुसऱ्या चरणाशी सगळे गप्प होतात. आत्या खोकते, पदर खाली घेते, ओशाळून नानांकडे बघते आणि हसते. नाना कणकेने माखलेला हात जरासा वर करून ‘असू दे’ अशी मान हलवतात.

‘‘परत लाव,’’ कुणीतरी म्हणतं. आम्ही परत लावतो. तेवढंच.