घोडे : निरंक

पशुगणनेचा तक्ता कचेरीत यायचा तेव्हा गाई, म्हशी, शेळ्यांचे आकडे भरता भरता हात भरून यायचा, आणि ‘घोडे व तट्टे’ हा रकाना आला की जिवाला जरा थंडावा मिळायचा. आमच्या गावापुढं तिथं एकच शब्द लिहायचा असे : निरंक. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी तो इतक्यांदा लिहिला, की घोडा म्हणजेच निरंक अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. देशभरात तरी कुठं फार उरलेत? २०१९च्या गणनेत घोडे आणि तट्टं मिळून ३ लाख ४० हजार निघाली, आधीच्या गणनेच्या निम्म्याहून थोडीच जास्त. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. पौषातल्या एका संध्याकाळी दारात छोटा हत्ती येऊन थांबला, मागचा फळका उघडला, आणि त्या छोट्या हत्तीतून एक घोडी खाली उतरली.

मागोमाग पुतण्या उतरला. हा पुण्यात कंपनीत असतो. माळेगावच्या यात्रेहून आलो म्हणाला. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, मार्गशीर्ष सरताना खंडोबाची ही यात्रा भरते, आणि तिथं घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा मोठा बाजार असतो. माणसानं तिथं जावं, भंडारा लावावा, लावणी ऐकावी, घरी यावं. यानं घोडी आणली.

“लग्नसराईत वरातीला लावू, काका. एका तिथीला दोन वराती धरल्या तरी...”

“आणि सांभाळणार कोण?”

“सोमवारी मला ड्युटी आहे,” तो म्हणाला आणि त्याच छोट्या हत्तीत बसून गेला.

व्यापाऱ्यानं घोडीचं नाव बिजली सांगितलं होतं. आमच्याकडच्या विजेचा स्वभाव पाहता नाव ठीकच होतं : पाहिजे तेव्हा येत नाही, आणि जवळ गेलं की झटका देते.

खरं तर घोडा आमच्या जिल्ह्याला परका नाही. माझ्या गावापासून जवळ असलेल्या अंबाजोगाईला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणत, आणि तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचं ठाणं होतं. तिकडं गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवनला, १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाच्या फौजेला पाणी पाजलं. माधवराव पेशव्यांचं वय तेव्हा अठरा. साठीला टेकलेला मी त्याच जिल्ह्यात एका घोडीला बादलीतून पाणी पाजायला निघालो होतो, आणि ते काही जमत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी मागून गेलो. बादली पत्र्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी शहाणपण करून समोरून गेलो. हातात गूळ, तोंडात “ये बाई, ये”. तिनं कान असे मागं पाडले, की मला आमचे एक जुने साहेब आठवले. गूळ मी लांबूनच टाकला आणि तो शेळीनं खाल्ला.

शेवटी बायको म्हणाली, “अहो, चाचांना बोलवा.” हे चाचा एके काळी अंबाजोगाईत टांगा हाकत. टांगे बंद झाले, रिक्षा आल्या, आणि चाचा आमच्या गावात मुलाकडे राहायला आले. ते आले ते आधी लांबून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग खांद्याच्या बाजूनं जवळ गेले, मानेवर हात ठेवला आणि तिचं तोंड उघडून आत डोकावले.

“व्यापारी वय काय म्हणला, भाऊसाहेब?”

“चार वर्षं.”

“चार वर्षांपूर्वी असंल.” मग त्यांनी मला दाखवलं. घोड्याचे दुधाचे दात अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं भरतं. त्यानंतर खालच्या दातांवरच्या काळ्या खळग्या झिजत जातात : मधल्या सहाव्याला, त्यांच्या शेजारच्या सातव्याला, कडेच्या आठव्याला. बिजलीच्या तोंडात एकही खळगी नव्हती. मी मात्र व्यापाऱ्याला बोल लावला नाही. शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून लिहिली आहे. मी कोणत्या तोंडानं बोलणार?

जातीचंही तसंच. व्यापारी मारवाडी म्हणाला होता. मारवाडी घोड्याचे दोन्ही कान आत वळून टोकाला टोक भिडवतात. हिचा डावा कान वळायचा, उजव्याचं मत वेगळं होतं. चाचांनी तिचे आखूड, घट्ट पाय पाहिले आणि म्हणाले, “चार आणे मारवाडी. बारा आणे भीमथडी.” भीमेकाठचं हे काटक तट्टू म्हणजे मराठ्यांच्या फौजांचं वाहन, आणि आजही मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा संसार त्याच्याच पाठीवर असतो. बायकोला हे फार आवडलं. “मग कामाची आहे,” म्हणाली. हे बोलताना तिनं माझ्याकडं का पाहिलं ते मी विचारलं नाही.

अंगावरचे भोवरेही चाचांनी तपासले. केसांच्या उलट्या रेघेला घोडेवाले गोम म्हणतात आणि ती कुठं आहे यावर शुभ-अशुभ ठरवतात. ‘यात काहीतरी गोम आहे’ असा शेरा मी आयुष्यभर फायलींवर मारला, पण प्रत्यक्ष गोम पाहिली ती त्या दिवशी, बिजलीच्या पोटाखाली. शुभ की अशुभ असं विचारल्यावर चाचा म्हणाले, “घेऊन झाली ना? मग शुभ.”

मग त्यांनी मला धडा दिला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त नाकासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. मी नेमका या दोन जागा निवडून गेलो होतो. “हा पळून वाचणारा जनावर,” चाचा म्हणाले. “तुम्ही टक लावून, हात पुढं करून गेलात तर ती काय समजंल? वाघ समजंल.” मला वाघ समजणारं कुणीतरी आयुष्यात प्रथमच भेटत होतं, त्यामुळं क्षणभर बरं वाटलं.

“मग करू काय?”

“काही करू नका. खुर्ची टाका. पेपर वाचा. तिच्याकडं बघू नका.”

“किती दिवस?”

“ते ती सांगंल.”

मी सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा अशी वेळ ठरवली. लिंबाखाली खुर्ची, हातात पेपर. समोर कामाचं प्रकरण उभं असताना त्याच्याकडं न बघता बसायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. बायको दारातून म्हणाली, “चौतीस वर्षांच्या अनुभवाचं चीज झालं म्हणायचं.”

घोड्याला एकटं करमत नाही, म्हणून आमची काळी उस्मानाबादी शेळी तिच्या शेजारी बांधली. दोघींचं दोन दिवसांत जमलं. माझं प्रकरण प्रलंबित.

पारावर रोज चौकशी व्हायची. “आता पेन्शन आणायला घोडीवरच का?” मी त्यांना नांदेडची गोष्ट सांगायचो. मार्च २०२१मध्ये तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्यानं अर्ज दिला होता : पाठीच्या त्रासामुळं मोटारसायकल जमत नाही, घोड्यावरून येईन म्हणतो, आवारात घोडा बांधायला परवानगी मिळावी. अर्जावर रीतसर वैद्यकीय अभिप्राय मागवला गेला, आणि अस्थिरोग विभागानं कळवलं की घोड्यावर बसल्यानं पाठीचा त्रास उलट वाढेल. लोक हसायचे. मला त्या अर्जातली भाषा डोळ्यांपुढं दिसायची आणि भरून यायचं.

तीन आठवडे झाले. बिजली आता मी आलो की कान मागं पाडत नव्हती, एवढीच प्रगती. आणि मग ती हरभऱ्याची रात्र आली.

दावं कसं सुटलं ते शेळीलाच ठाऊक. संध्याकाळी शेजारच्या रानातून हाक आली, “भाऊसाहेब, तुमची वीज आमच्या हरभऱ्यात पडली!” जाऊन पाहतो तर अर्धा वाफा साफ. रात्री नऊच्या सुमाराला ती पाय आपटायला लागली, वळून वळून स्वतःच्या पोटाकडं बघायला लागली. मग खाली बसली, उठली, पुन्हा बसली. चाचा धावत आले आणि त्यांचा चेहरा बघून माझे हातपाय गार पडले. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं पुढंच सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर पोटशूळात चांगली जनावरं हातची जातात.

“कान लावा,” चाचा म्हणाले.

“कुठं?”

“पोटाला. मला आता ऐकू येत नाही. आत गुडगुड हाय का बघा.”

जिच्या अंगाला हात लावायची माझी तीन आठवडे छाती झाली नव्हती, तिच्या बरगड्यांमागं मी कान टेकवला. ऊब लागली, घामाचा आणि कडब्याचा वास आला. आवाज काही नाही. आतून नुसती शांतता. सुट्टीच्या दिवशीच्या कचेरीसारखी.

जनावरांचे डॉक्टर अकराला आले, दोन इंजेक्शनं दिली, नाकातून नळी घालून औषध सोडलं आणि सांगितलं, “लोळू देऊ नका. हळूहळू फिरवत राहा. लीद पडली की मला फोन करा.” मग मी तिला फिरवायला लागलो. देवळापासून शाळेपर्यंत, शाळेपासून देवळापर्यंत. थंडी मरणाची. अर्धी गल्ली गोधड्या पांघरून ओट्यावर बसलेली. ज्याचा हरभरा गेला तो बॅटरी घेऊन पुढं. दर फेरीला मी कान लावायचो, आणि सगळे विचारायचे, “काय?” मी मान हलवायचो. एकच्या सुमाराला कुठंतरी खोल, लांबून बैलगाडी यावी तसा गडगडाट ऐकू आला. “आला!” मी ओरडलो. पावणेतीनला, शाळेच्या फाटकासमोर, बिजलीनं शेपूट उचललं.

त्यानंतर झालेला आनंद मी माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालालाही पाहिलेला नाही. हरभऱ्याच्या मालकानं मला मिठी मारली. बायकोनं त्या वेळी चूल पेटवून सगळ्यांना चहा केला. डॉक्टरांना फोन केला तेव्हा माझा आवाज इतका भरून आला होता, की त्यांना वाटलं घोडी गेली.

दुसऱ्या दिवशी मी कर्तव्य म्हणून खुर्ची टाकून बसलो, पण पेपर समोर धरून झोपलो होतो. मानेवर गरम वारा आला. एकदा, दोनदा. मी हललो नाही, श्वासही घेतला नाही. बिजलीनं माझा कान हुंगला, बहुतेक रात्रभर तिच्या पोटाला लागलेला तोच का हे बघण्यासाठी. मग तिनं संपादकीय पान अलगद दातात धरलं, फाडलं आणि शांतपणे चघळायला लागली. चाचांनी खरारा हातात दिला आणि आयाळ जिथं संपते तो उंचवटा दाखवला. तिथं खाजवलं की घोड्याच्या काळजाचे ठोके मंदावतात, असं फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९३मध्ये मोजून मांडलंय. चाचांनी ते न मोजता सांगितलं. माझे ठोके कुणी मोजले नाहीत.

चैत्रात पुतण्याचा फोन आला. “काका, अक्षय तृतीयेची सुपारी आलीय वरातीची! घोडी तयार आहे ना?”

“डीजे आहे का?”

“म्हणजे काय! मोठा डीजे.”

“नवरदेवाचं वजन?”

“काका, वजन कशाला?”

“रीतसर अर्ज कर,” मी म्हणालो. “दोन प्रतींत. सोबत नवरदेवाच्या वजनाचा दाखला जोड.”

“आणि निर्णय कधी?”

मी बिजलीकडं पाहिलं. कालच्या पेपरातलं बाजारभावाचं पान तिनं संपवत आणलं होतं.

“अर्ज तर येऊ दे,” मी म्हणालो. “आवक झाला की ज्यांचा विषय आहे त्यांच्यापुढं ठेवतो.”