वाढ झाली, पण कुठे!

नोकरीच्या उभ्या जन्मात माझी कसलीच वाढ वेळेवर झाली नाही. पगाराची तर नाहीच. निवृत्तीनंतर मात्र एका ग्रंथीने सगळा अनुशेष भरून काढला. ऐन तारुण्यात जेमतेम २० ग्रॅम असणारी प्रोस्टेट सोनोग्राफीत ७० ग्रॅम भरली. सौ. म्हणाल्या, "माळ्यावर अडगळ कमी होती, ती आता पोटात!"

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी लघवीची नळी कवेत घेऊन बसते. वाढतो तो नेमका नळीलगतचा भाग. तरी गोळ्यांवर बरं चाललं होतं. पुतण्याच्या लग्नात सर्दी झाली आणि मेहुण्यांनी खिशातली गोळी दिली. सर्दीच्या काही गोळ्या नाक मोकळं करतात आणि खालचा दरवाजा लावून घेतात. अक्षता पडत होत्या तेव्हा मी मंगल कार्यालयाच्या संडासात नळ सोडून, डोळे मिटून उभा. बाहेरून मेहुणे, "भावोजी, फोटोसाठी सगळे खोळंबलेत!"

खोळंबा माझाही होताच. रात्री नळी घालून मोकळं करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरच्या नावे मी घर लिहून द्यायला तयार होतो.

मग टीयूआरपी, म्हणजे प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन. पोटावर टाका नाही. दुर्बीण लघवीच्याच वाटेने आत. कमरेत इंजेक्शन दिल्याने पाय परके झालेले, पण डोळे शाबूत. पडद्यावर विजेच्या तारेचं कडं माझे पापुद्रे तासत होतं. सर्जन म्हणाले, "मोसंबीचा गर काढायचा, साल ठेवायची. आणि या उंचवट्यापुढे जायचं नाही, तिथे लघवी धरून ठेवणारा स्नायू आहे." मी त्या उंचवट्याला मनोमन नमस्कार केला.

नंतर नळीतून सलाईन आत, लाल पाणी बाहेर. भेटायला येणारा प्रत्येकजण माझ्याआधी पिशवीकडे बघे. "वा, कालच्यापेक्षा फिकी आहे!" वहिनींनी मोसंबी आणली होती. सोलली, आणि माझी भूकच मेली.

घरी सोडताना डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं, "यापुढे वीर्य बाहेर न येता बहुधा मागे मूत्राशयात जाईल." सौ.नी तितक्याच गंभीरपणे विचारलं, "आणि घोरणं?"

तर मंडळी, गर गेला तरी साल आतच असते, आणि प्रोस्टेटचा कर्करोग बहुतेक वेळा त्या बाहेरच्या भागातच होतो. म्हणून ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा पीएसए ही रक्ततपासणी करून घ्या. आणि सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, मेहुण्यांना नको.