बंड्याची शिल्लक

रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं स्टोअर सांभाळलं. राहायला पेणला, नोकरीला धाटावला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे माल कमीच होतो. हातमोजे कमी होतात, साबण कमी होतो, कामगारांना वाटायचा गूळ तर ढेपेच्या ढेपेनं कमी होतो. कुठे गेला म्हणून साहेबांनी विचारलं की रजिस्टरात ‘घट’ या रकान्यापुढे एकच शब्द लिहायचा : उंदीर. आमच्या स्टोअरातल्या उंदरांनी ३१ वर्षांत काय खाल्लं नाही? गूळ खाल्ला, साबण खाल्ला, एकदा दोन बॅटऱ्या खाल्ल्या, सेलसकट. पण आवक मोजून होतेय, वापर मोजून होतोय आणि शिल्लक मात्र आपोआप वाढतेय, असा माल मी नोकरीत पाहिला नाही. तो निवृत्तीनंतर घरातच निघाला. त्याचं नाव बंड्या.

बंड्या जातिवंत गावठी कुत्रा. एका पावसाळ्यात आमच्या पडवीत आडोशाला आला आणि दीड दिवसाचा म्हणून आणलेला गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत राहावा तसा राहिला. फरक एवढाच की याचं विसर्जन झालं नाही.

आमच्या आळीच्या तोंडाशी पूर्वी भाड्यानं सायकली मिळायच्या, त्या गाळ्यात एका पोरानं कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचं दुकान टाकलं. वय असेल पंचवीस-सव्वीस. आळीला वाटलं, वर्षभरात इथे मोबाइलची कव्हरं लागतील. पण पोरगा चिवट. त्यानं दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली : ‘तुम्ही खाता ते त्यांना घालू नका. तुम्हीही खाऊ नका, पण तो आमचा विषय नाही.’ पेणमध्ये, म्हणजे जिथे पोहे आणि पापड यांच्या जिवावर गावाचं नाव चालतं तिथे, अशी पाटी लावायला छाती लागते.

त्याची दुकानदारीही उलटी. गिऱ्हाईक आलं की हा माल दाखवण्याऐवजी उलटतपासणीच घेतो. ‘काय घालता?’ समोरचा म्हणतो, ‘काही नाही रे, भाकरीचा तुकडा.’ आता घोटभर चहा, घरच्या घरी साखरपुडा आणि भाकरीचा तुकडा या तिन्हींचा आकाराशी काही संबंध नसतो, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलेलं. तो मान हलवतो आणि म्हणतो, ‘काट्यावर ठेवा.’ मीही एकदा बंड्याला घेऊन गेलो.

बंड्या काट्यावर चढला. २२ किलो ४०० ग्रॅम.

‘काका, मूठ मिटा,’ पोरगा म्हणाला. मी मिटली. ‘बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. बरगड्या अशा टोचल्या तर कुत्रं हडकुळं. आता हात सरळ करा, पालथ्या हातावरून फिरवा. हाडं लागतात, पण टोचत नाहीत? अशा लागल्या तर बेस्ट. आता तळहातावर, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर फिरवा. इथे हाड शोधावं लागतं. आता बंड्याच्या बरगड्या बघा.’

मी बघितल्या. म्हणजे शोधल्या. अंगठ्याखालचा उंचवटा बरा, इतका बंड्या मऊ लागला. दुकानात आणखी दोघं उभे होते. त्यांनी माझ्यावरची नजर काढून हळूच शर्टाखाली हात घातला आणि स्वतःच्या बरगड्या चाचपल्या. दोघांचेही चेहरे उतरले.

मी जरा चिडलो. म्हटलं, ‘हे पाकिटातलं खाणं वगैरे आत्ताची फॅडं आहेत. आमच्याकडे श्राद्धाला श्वानबली काढायचे, तेव्हा कोणी ग्रॅम मोजले होते?’ पोरगा शांत. तो म्हणाला, ‘काका, फॅड १८६०च्या सुमाराचं आहे.’ जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन माणूस लंडनला आकाशातल्या विजेचे वाहक विकायला गेला. तिथल्या गोदीत खलाशी जहाजावरची कडक बिस्किटं टाकतात आणि कुत्री त्यावर तुटून पडतात, हे त्यानं पाहिलं म्हणे, आणि विजेचा धंदा सोडून कुत्र्यांची बिस्किटं काढली. हे ऐकून मला एक समाधान वाटलं. बिस्कीट टाकणारे तेव्हाही होते. फक्त गोरे होते.

भाकरीबद्दल मात्र पोरानं मला अनपेक्षित आधार दिला. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये छापलंय, की पीठ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या दाराशी बसून बसून लांडग्याला त्याचं जेवण पचायला लागलं. थोडक्यात, आमच्या खारेपाटातल्या तांदळाची भाकरी पचवायची बंड्याची पिढीजात तयारी आहे. मी ताठ झालो. तेवढ्यात त्यानं विचारलं, ‘भाकरी कशात कुस्करता?’

‘आमटीत.’

‘कांदा?’

आता पेणच्या आमटीत कांदा नाही तर काय मोगऱ्याची फुलं घालणार? पण कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजलेला असो. मी क्षीणपणे म्हटलं, ‘अलिबागचा पांढरा असतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय.’ पोरगा म्हणाला, ‘बंड्याच्या पोटाला ते दाखवा.’

शेवटी त्यानं कागदावर हिशेब मांडला आणि इथे मला तो पोरगा एकदम आवडला. कारण त्यानं वर्गमूळ काढलं. कुत्र्याचं वजन किती हवं? १८ किलो. त्याचा घन करायचा, ५८३२. त्याचं वर्गमूळ, पुन्हा त्या उत्तराचं वर्गमूळ, आणि आलेल्या आकड्याला ७०नं गुणायचं. उत्तर ६१२. दिवसाला एवढ्या कॅलरी, वजन उतरेपर्यंत. ‘पाकीट न्या नाहीतर घरी अंडं, बिनहाडाची कोंबडी, भोपळा, भात शिजवा. घरचं करणार असाल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून आणा. पण मोजून घाला.’ पाकिटातलं खाणं पडलं १७५ ग्रॅम. वरखाणं दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे ग्लुकोजची बिस्किटं दिवसाला जेमतेम अडीच. त्यातलं अर्धं कोणी खायचं, हे त्यानं सांगितलं नाही.

घरी येऊन मी कोरं रजिस्टर काढलं. आवक, वापर, घट, शिल्लक. सकाळी ८८ ग्रॅम, संध्याकाळी ८७. बायकोच्या मसाल्याचा काटा जप्त केला. निवृत्तीनंतर इतका रुबाब मला कोणी भोगू दिला नव्हता. तारखेपुढे सही, सहीखाली शिक्का मारायचा तेवढा राहिला.

पंधरा दिवसांनी बंड्या काट्यावर चढला. २२ किलो ७०० ग्रॅम.

पोरानं रजिस्टर चाळलं. माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही, हेच वाईट. ऑडिटर गप्प बसला की समजायचं, त्याला सापडलंय.

मी प्रत्यक्ष पडताळणीला निघालो. सुरुवात घरातून. आईचं वय ८४. ती म्हणाली, ‘मी कशाला घालू बाई त्याला काही?’ मी पुरुष असूनही ती मला बाई म्हणाली, म्हणजे नक्की घालत होती. जेवताना तिचा डावा हात पाटाखाली जातो हे मी ६० वर्षांत प्रथम पाहिलं. पकडली तेव्हा म्हणाली, ‘अरे, तो डोळ्यांत पाणी आणतो.’ ‘आई, ते पाणी लाळेचं आहे.’ ‘असेल. पण माझ्याकडे बघून येतं ना?’ यावर रजिस्टरात काय लिहायचं?

मग आळी. समोरच्या काकू मुलगा पुण्याला गेल्यापासून दोन माणसांचा स्वयंपाक करतात आणि दोन माणसांचं जेवण तीन माणसांचं होतं, कारण हाताला सवय. ते तिसरं पान बंड्याचं. त्यांचा मुद्दा असा की त्या घालत नाहीत, फक्त ठेवतात, तो येतो. पुढे गणपतीचा कारखाना. पेणला गणपतीचं काम बारा महिने चालतं, त्यामुळे बंड्याचा हंगामही बारा महिने. दुपारी कारागिरांचे डबे उघडले की हा हजर. मी आत गेलो. पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती रांगेनं, डोळ्यांची आखणी अजून व्हायची, त्यामुळे मला कोणी पाहिलं नाही असं वाटावं. प्रत्येकीच्या पायाशी एकेक उंदीर. दोन-अडीचशे उंदीर, आणि त्यांच्या मधोमध कारखान्याची मांजर बिनघोर झोपलेली. तिच्या शेजारी बंड्या, पुढ्यात बोंबलाचं डोकं. ‘काका, हा तुमचा?’ एक कारागीर म्हणाला. ‘आम्ही याला शेठ म्हणतो.’

त्यातच पोपटीचे दिवस. वालाच्या शेंगा, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर जाळ. शेतावर वीस माणसं. मी जाहीर सूचना केली, शिजलेलं हाड कुत्र्याला घालायचं नाही. शिजलं की ते ठिसूळ होतं, फुटून टोकं निघतात, आतडं फाडतात. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि हाडं वेगळी करून बंड्याला निवडक मऊ तुकडे घातले. वीस माणसांनी. प्रत्येकी एक. आरोग्याचा प्रचार असा अर्धाच पोचतो.

मांजरांचं प्रकरण आणखी अवघड, ते रोह्याला कळलं. धाकटी बहीण कुंडलिकेपलीकडे अष्टमीत राहते. तिच्या मांजरीचं नाव सुकटी. दुकानातल्या पोरानं नमुना म्हणून मांजरीचं खाणं सुटं बांधून दिलं आणि मी दिवा-रोहा गाडीत बसलो. कासू येईपर्यंत डबाभर वास. समोर टोपल्या घेऊन बसलेल्या मावशीनं नाक वर केलं. ‘दादा, कंची सुकट?’ म्हटलं, मांजरीचं खाणं आहे. ‘कवऱ्याला?’ मी भाव सांगितला. नागोठणे आलं तरी ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘येवऱ्यात माजे घरान आठ दिस म्हावरा येल.’ निडीपर्यंत डब्यात कोणी माझ्याशी बोललं नाही.

बहीण सुकटीला दूध-भाकरी घालते. वर चिमूटभर साखर. ‘दादा, साखरेशिवाय ती तोंड लावत नाही.’ आता मांजरीला गोड चवच कळत नाही. ते चाखणारं जनुकच मोडलेलं असतं, हे २००५ साली सिद्ध झालंय. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांच्या मांजरीला कळत नसेल.’ मी टॉरिनचं सांगितलं, की मांजरीला ते मांसातूनच हवं, शरीरात पुरेसं बनत नाही, कमी पडलं तर हृदय दुबळं होतं, १९८७ साली ‘सायन्स’मध्ये आलंय. मोठ्या मांजरींना दूध बहुधा पचतही नाही. बहिणीनं ऐकून घेतलं आणि नवं खाणं वाटीत ओतलं. सुकटीनं वास घेतला, मागचे पाय झाडले आणि वाटीवर नसलेली माती ओढली. रोह्याच्या भाषेत याला अभिप्राय म्हणतात.

‘उपाशी ठेव दोन दिवस, खाईल,’ मी म्हटलं. पण पोरानं हेच बजावून नको सांगितलं होतं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर चरबी यकृतात साठून जिवावर बेततं. म्हणजे उपोषणाला बसायचा अधिकार त्या प्राण्याला वैद्यकशास्त्रानंच दिलेला आहे. जुन्यात चिमूट चिमूट नवं मिसळत, आठ-दहा दिवस घेत सरकार बदलायचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना रोहेकर आपलं माणूस मानतात. पण त्यांनाही इतक्या हळू नोटा बदलायला सांगितल्या असत्या तर ते चिडले असते. बहिणीनं मात्र नेटानं केलं. साखर अजून घालते, नव्या खाण्यावर.

महिना संपला. मी रजिस्टर घेऊन दुकानात गेलो. या वेळी पान स्वच्छ होतं. आईचे, काकूंचे, कारखान्याचे, पोपटीचे सगळे ग्रॅम मी एका शब्दात बसवले होते. बंड्या काट्यावर चढला. २२ किलो ६०० ग्रॅम.

‘उतरला शंभर!’ मी म्हटलं.

पोरगा रजिस्टर वाचत होता. ‘काका, हे घटीच्या रकान्यात रोज काय लिहिलंय? उंदीर?’

मी स्टोअरची पद्धत समजावू लागलो. मी समजावत असताना बंड्या काट्यावरून उतरला, माझ्याजवळ आला आणि सवयीनं सदऱ्याच्या उजव्या खिशात नाक खुपसलं. आमची दुपारची फेरी असते, मी पेपर आणायला जातो, तो सोबत येतो. बेकरी वाटेतच आहे. त्यानं खिशातून खारीचा अर्धा तुकडा काढला आणि दुकानाच्या मधोमध बसून पापुद्रा पापुद्रा खाल्ला. अर्धाच होता. अर्धी मी खातो.

पोरानं माझ्या हातातलं पेन घेतलं. ‘उंदीर’ खोडलं. मग पट्टी शोधली आणि ‘घट’च्या शेजारी सरळ रेघ मारून एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘वाढ’. खाली तारीख घातली आणि तारखेपुढे लिहिलं, ‘काका’.

‘इथे सही करा,’ तो म्हणाला.