जपानी चॉपरवाला

जपानी चॉपरवाला हा अस्सल अमेरिकन असतो. जपानी असते ती त्याची मोटरसायकल, आणि तीही त्याच्या हाती पडेपर्यंतच. त्याचा उगम १९६९ सालचा. त्या वर्षी ‘ईझी रायडर’ चित्रपटातल्या लांबलचक फोर्कच्या, कापून बदललेल्या हार्ले मोटरसायकलींनी, म्हणजेच चॉपरनी, तरुणांना वेड लावले आणि त्याच वर्षी होंडाची सीबी ७५० बाजारात आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबले की चालू, आणि किंमत १,४९५ डॉलर. जीव हार्लेवर आणि खिसा होंडापुरता, अशा माणसाने होंडा घेतली आणि करवत काढली.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी मडगार्ड आणि मागचे शॉकअप उतरतात. मग फ्रेमचा मागचा भाग कापून तिथे बिनशॉकअपचा हार्डटेल जोडला जातो. त्यानंतर रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो. पुढचा फोर्क लांबवून त्याचा कल वाढवला, की गाडी हमरस्त्यावर नाकासमोर जाते, पण पार्किंगमधून बाहेर काढताना घाम फोडते. टाकी शोभेपुरती असल्याने दिसेल त्या पंपावर थांबावे लागते. मागे बसणाऱ्याला टेकायला उंच सिसी बार असतो. बायको तिथे एकदा टेकून बसते, पुढे त्या जागी सामानाची पिशवी बांधली जाते.

सर्वांत हमखास घोटाळा कार्ब्युरेटरचा. एअरबॉक्स दिसायला ओबडधोबड म्हणून तो काढून चारही कार्ब्युरेटरना सुटे फिल्टर लावतो. हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते. पेट्रोल सोडणारे जेट बदलले नाहीत तर थ्रॉटल उघडताच इंजिन गचके खाते. यावर त्याचे उत्तर तयार असते : ‘तापली की नीट चालते.’

त्याचा खरा स्वभाव कळतो तो गाडी विकायला काढल्यावर. तो बेरीज करतो : फ्रेम, फोर्क, क्रोम, रंग आणि हिवाळाभर गॅरेजात काढलेल्या रात्री. गिऱ्हाईक वजाबाकी करते : मूळ गाडीची किंमत, वजा जे जे पुन्हा पूर्ववत करावे लागेल ते. किमतींच्या छापील मार्गदर्शिका कारखान्यातून निघालेल्या गाडीचाच भाव सांगतात. त्याच्या रंगावरच्या ज्वाळांसाठी त्यांत रकाना नसतो. विम्याची किंमत आधी लेखी ठरवून घेतली नसेल, तर तिथेही तेच. हार्लेवाल्याला ही गाडी जपानी म्हणून नको असते, जुन्या होंडाच्या शौकिनाला कापलेली म्हणून. त्यातून फ्रेम बाहेरून आणलेली असली, तर टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर गाडीवर सापडत नाही आणि उरलेसुरले गिऱ्हाईकही निघून जाते. सत्तरच्या दशकात नावाजलेल्या कारागिराने बांधलेल्या, कागदपत्रे शाबूत असलेल्या चॉपरला मात्र आज मान आहे. तशी आपलीच आहे, असे प्रत्येकाला वाटते.

दैवदुर्विलास असा, की १९६९ च्या पहिल्या खेपेतल्या, खडबडीत क्रँककेसमुळे ‘सँडकास्ट’ म्हणवल्या जाणाऱ्या सीबी ७५० साठी संग्राहक आता थैल्या मोकळ्या करतात, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. त्यामुळे गॅरेजच्या कोपऱ्यात फेकलेले कंपनीचे चार सायलेन्सर चॉपरच्या आधी खपतात.

जाहिरातीचा मजकूरही ठरलेला : ‘खर्चाच्या निम्मेही मागत नाही. भाव ठाम. नुसते बघायला येणाऱ्यांनी येऊ नये.’ येतात ते नुसते बघणारेच. ठाम भाव दर महिन्याला थोडा खाली सरकतो. मग दोनच वाटा उरतात. गाडी सुटी करून तुकड्यातुकड्यांनी विकायची. यात पैसे बरे येतात, पण काळीज तुटते. दुसरी वाट अदलाबदलीची : दुसऱ्या चॉपरवाल्याची अर्धवट कापलेली यामाहा एक्सएस ६५० घेऊन आपली त्याला देणे. हीच त्याला अधिक पसंत पडते. कारण रोकड हातात येत नसल्याने तोटा किती झाला, हे मोजण्याची वेळ दोघांवरही येत नाही.